रेवाचे कान गेले तो वसंत

एप्रिल उजाडला की आमच्या गावाबाहेर रस्त्याच्या कडेला लाकडी टपऱ्या उभ्या राहतात. तिथे श्पार्गेल मिळतो. मातीच्या उंचवट्याखाली उजेडापासून लपवून वाढवलेले हे पांढरे कोंब. त्यांची इथली माणसं वर्षभर वाट पाहतात. शेतं मोहरीसारख्या राप्सच्या फुलांनी पिवळी होतात, सायकलच्या सीटवर परागकणांची पिवळी पूड बसते, बसमध्ये लोक शिंकतात आणि तरीही खुशीत असतात. ऑफिसात कुणीतरी खिडकी उघडून म्हणतं, "एंडलिश फ्र्यूलिंग." आला एकदाचा वसंत. मी हसून मान हलवते. पण कापलेल्या गवताचा ओला वास आला की त्याच्या पाठोपाठ मला हॉस्पिटलच्या हात धुण्याच्या द्रावणाचा वास येतो. तो खरा नसतो हे मला कळतं, पण नाकाला ते पटत नाही.

सात वर्षं झाली. रेवा तेव्हा सहा वर्षांची होती, पहिलीत. तिचा जन्म इथलाच, जर्मनीतल्या एर्लांगेनचा. आम्ही, म्हणजे मी आणि मंदार, पुण्याहून नोकरीसाठी आलो आणि राहिलो. घरात आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो, तिला सगळं कळायचं, आणि उत्तर जर्मनमध्ये यायचं. "रेवा, मोजे कुठे टाकलेस?" असं विचारलं की बाथरूममधून जर्मनमध्ये आरोळी यायची की मोजे तिने टाकलेच नाहीत. आम्हाला याची गंमत वाटायची. इथल्या बहुतेक मराठी घरांत हेच चालतं.

माझं काम रेडिओचं. कारखान्यांत शेकडो छोटी यंत्रं बसवलेली असतात, कुणी तापमान मोजतं, कुणी दाब, कुणी थरथर. त्यांना बॅटरी पुरवून वापरायची असते, म्हणून ती अखंड बोलत नाहीत. क्षणाच्या एका कणाएवढा विजेचा ठोका सोडतात, पल्स, आणि गप्प होतात. सगळ्यांची वाट मात्र एकच. दोघांचे ठोके एकाच वेळी पडले तर ऐकणाऱ्याला दोघांचंही कळत नाही. ते आदळू नयेत, आदळलेच तरी कोणता कोणाचा हे ओळखता यावं, म्हणून प्रत्येकाला त्याची स्वतःची लय द्यायची, आणि ठोका किंचित लवकर पडला की किंचित उशिरा एवढ्यातच निरोप भरायचा. मी हे एकदा सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. त्या साताऱ्याच्या, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, "म्हणजे कोणी कधी बोलायचं ते तू ठरवतेस? मग आमच्या घरी तुझी फारच गरज होती."

ईस्टरची सुट्टी होती. रेवाने आदल्या दिवशी अंडी रंगवली होती आणि तिच्या बोटांवरचा निळा रंग अजून गेला नव्हता. सकाळी ताप आला, उलट्या झाल्या. पडदे लाव, उजेड टोचतोय, असं म्हणाली. मंदार म्हणाला, शाळेतून काहीतरी व्हायरल आणलंय. मलाही तसंच वाटलं. दुपारी तिला पाणी पाजायला उठवलं तर तिला मान वाकवता येईना. मी हाताने थोडी पुढे करायला गेले तर ती ओरडली. ताप आलेल्या मुलाची कुरकुर मला माहीत होती. ही वेगळी होती.

अँब्युलन्स आली. क्लिनिकमध्ये एका तरुण डॉक्टरने तिला उताणी झोपवून तिचं डोकं अलगद उचललं. डोक्याबरोबर तिचे गुडघेही आपोआप वर आले. मला वैद्यकातलं काही कळत नाही, पण त्या डॉक्टरचा चेहरा कळला. त्याने बाहेर जाऊन कुणालातरी बोलावलं आणि मग सगळे भराभर हलायला लागले. त्याने आम्हाला जो शब्द सांगितला तो इतका लांबलचक होता की मी तो मनात तोडून पाहिला. मेंदू, कातडी, पेटणं. मेंदूच्या आवरणाला सूज. जर्मन शिकताना असे शब्द तोडायला मला फार आवडायचं. त्या दिवशी शेवटच्या तुकड्याशी मी अडकले. माझ्या मुलीच्या डोक्यात काहीतरी पेटलंय, एवढंच मनात फिरत राहिलं.

पुढचे काही दिवस मला सलग आठवत नाहीत. काचेचं दार आठवतं, सलाइनचा पंप आठवतो, बाहेर ऊन पडलं होतं आणि क्लिनिकच्या बागेत लोक आइस्क्रीम खात बसले होते हे आठवतं. मंदार भिंतीला टेकून उभा राहायचा, बसायचाच नाही. मी त्याला "बस ना" म्हटलं की म्हणायचा, "बसलो तर उठता यायचं नाही."

मग ताप उतरला. एका सकाळी रेवाने डोळे उघडून पाणी मागितलं. नर्सने हसून अंगठा दाखवला. मी साताऱ्याला फोन लावला आणि मला बोलताच येईना, म्हणून मंदारने फोन घेतला. वाचली आमची रेवा. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून काय काय बोलत होतो. ती आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. कपाळाला आठ्या घालून तिने विचारलं, "वारुम फ्ल्यूस्टर्ट ईअर?"

तुम्ही कुजबुजता का?

आम्ही कुजबुजत नव्हतो. मंदार तर उलट नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होता. नर्स तिच्या मागे गेली आणि तिने दोन्ही हातांनी टाळी वाजवली. शेजारच्या खाटेवरचं बाळ दचकून रडायला लागलं. रेवा माझ्याकडेच बघत होती, उत्तराची वाट बघत.

दोन दिवसांनी तिला झोपेचं औषध देऊन तपासणी केली. डोक्याला तारा चिकटवून कानात टकटक असे बारीक ठोके सोडायचे, आणि मेंदूकडून काही उत्तर येतं का ते पडद्यावर पाहायचं. तंत्रज्ञ बाई शांतपणे आवाज वाढवत होत्या. त्यांनी मला काही सांगायचं नव्हतं, ते डॉक्टर सांगणार होते. पण मी पडद्यासमोर बसले होते. मी अशाच रेषा रोज पाहते. हजार वेळा ठोका द्यायचा, सगळ्या उत्तरांची सरासरी काढायची, गोंगाट आपोआप पुसला जातो आणि त्यात संदेश असेल तर तो वर उठून दिसतो. माझ्यासमोर गोंगाट पुसला जात होता. खाली काहीच उरत नव्हतं. उजव्या कानाची रेषा सपाट आली. त्या बाईंनी डाव्या कानात नळी घातली तेव्हा मी मनात म्हणत होते, एक तरी. एक तरी ठेव. तीही सपाट आली. बाहेर मंदार उभा होता. "काय म्हणाले?" त्याने विचारलं. "अजून काही म्हणाले नाहीत," मी म्हटलं. ते खरंच होतं.

कानाच्या डॉक्टर साधारण माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी कागदावर शंखासारखी आकृती काढली. आतला कान असा असतो, त्यात पाणी असतं. या आजारानंतर कधीकधी त्या पाण्याच्या जागी हाड तयार व्हायला लागतं. रेवाच्या स्कॅनमध्ये त्याची सुरुवात दिसत होती. आत ऐकण्याच्या यंत्राची तार घालायची असेल तर वाट उघडी आहे तोवरच, दोन्ही कानांत एकदमच.

"आपोआप परत येण्याची काही शक्यता?" मंदारने विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "खोटी आशा मी तुम्हाला देणार नाही."

मग त्यांनी यंत्र समजावलं. कानावरचा माइक आवाज घेतो, त्याचे तुकडे पाडतो, आणि शंखात घातलेल्या तारेवरचे बारीक ठिपके मेंदूकडे जाणाऱ्या नसांना विजेचे ठोके देतात. सगळे ठिपके एकाच पाण्यात बुडालेले. दोघांनी एकदम ठोका दिला तर वीज पाण्यात मिसळते आणि आवाजाचा चिखल होतो. म्हणून ते पाळीपाळीने, एकामागून एक, भयंकर वेगाने बोलतात.

मी सरसावून बसले. ठोक्यांचा वेग किती, क्रम कसा ठरवता, शेजारच्या ठिपक्यापर्यंत वीज किती पसरते, आवाजाची उंची ठोक्यात कशी भरता, असं एकामागून एक विचारत सुटले. डॉक्टर उत्तरं देत होत्या आणि मधूनच माझ्याकडे निरखून बघत होत्या. मंदारने टेबलाखाली माझा हात धरला. "सुप्रिया, पुरे," तो म्हणाला. मी थांबले तशी भीती परत आली. लोकांना वाटतं, आपल्याच विषयातलं यंत्र आहे म्हटल्यावर हिला धीर आला असेल. माझं उलट झालं. निसर्गाने कानात हजारो तंतू दिलेत आणि आपण घालणार दीड-दोन डझन ठिपके. एवढ्या चिंचोळ्या वाटेने काय काय आत जाणार नाही, ते मला फार नीट कळत होतं. सेन्सरचा निरोप हरवला तर तो पुन्हा पाठवता येतो. इथे पलीकडे माझी मुलगी होती.

ऑपरेशन होईपर्यंतच्या आणि नंतर जखम भरेपर्यंतच्या दिवसांत घर विचित्र झालं. रेवाला ऐकू येत नव्हतं, आणि वाचता येत होतं ते फक्त जर्मन. देवनागरी तिला आम्ही कधी शिकवलीच नव्हती, मोठी झाल्यावर बघू म्हणून. म्हणजे तिच्यापर्यंत पोचायचं तर जर्मनमध्येच लिहायला हवं होतं. मराठी एका दिवसात बंद पडली होती. मी मग मराठीच जर्मन अक्षरांत लिहायला लागले, ती शाळेत जशी अक्षरं जोडून वाचायची त्या पद्धतीने. 'च' साठी चार अक्षरं, 'ज' साठीही चार. "चल, जेवू या" एवढं लिहायला अर्धी पाटी लागायची. ती बोट ठेवून वाचायची, ओठ हलवायची, आणि शब्द ओळखला की हसायची. पण तिचं बोलणं बदलत होतं. स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्याने ती खूप मोठ्याने बोलायची, आणि हळूहळू त्या बोलण्यातले चढउतार जायला लागले. शब्दांची टोकं गळायला लागली. कानांपाठोपाठ आवाजही जाणार की काय, ही भीती मी मंदारजवळही बोलले नाही. त्यालाही तेच वाटत होतं हे मला फार नंतर कळलं.

सासूबाई व्हिसा मिळताच आल्या. ऑपरेशनच्या दिवशी बागेतल्या चेस्टनटला फुलं आली होती, त्याखाली आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. सासूबाई पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने सोलत होत्या. ते सगळं निघालं तरी त्या रिकामी बाटली खरवडतच राहिल्या. तार दोन्ही कानांत पूर्ण आत गेली, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आता येईल ना ऐकू?" मंदार म्हणाला, "येईल आई, हळूहळू."

यंत्र पहिल्यांदा सुरू केलं ते फ्राऊ लिंडनर यांच्या खोलीत. यंत्राची जुळवणी आणि ऐकायचा सराव, दोन्ही त्याच बघायच्या. एकेका ठिपक्याला हलका ठोका द्यायचा आणि रेवाने हात वर करायचा. बराच वेळ तिने हात वर केलाच नाही. मग हात वर गेला. "पीप," ती म्हणाली. पुन्हा एकदा, आणखी एकदा. मंदारने डोळे पुसले. शेवटी सगळे ठिपके एकत्र सुरू केले आणि फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "हालो, रेवा." रेवाचा चेहरा वेडावाकडा झाला. त्यांनी मला खूण केली. मी जवळ वाकून म्हटलं, "रेवा, बाळा."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मागे सरकली. कानामागे चिकटलेली यंत्राची चकती ओढून काढली आणि रडत म्हणाली, "दास इस्ट निश्ट आई." ही आई नाही.

फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "सुरुवातीला असंच होतं. मेंदूला हे सगळं नवीन आहे, त्याला शिकू द्या." मी मान हलवली. घरी जाताना बसमध्ये रेवा खिडकीशी बसली आणि मी तिच्या शेजारी. माझा आवाज मलाच नकोसा झाला होता. मी तिला घाबरवेन या भीतीने मी घरी पोचेपर्यंत तोंड उघडलं नाही.

त्यातच शाळेच्या बाईंनी काळजीपोटी सुचवलं की सध्या एकच भाषा ठेवली तर तिला सोपं जाईल. मंदारला ते पटलं. "दोन-दोन भाषा कशा झेपतील तिला?" तो म्हणाला. "आधी एक तर नीट ऐकू दे." मलाही विरोध करायचा धीर झाला नाही. चुकीचं काही केलं आणि तिचं नुकसान झालं तर? आम्ही घरात जर्मन बोलायला लागलो, भाड्याने आणल्यासारखं, नीटनेटकं. सासूबाईंना जर्मन येत नव्हतं. त्या रेवासमोर गप्प बसायला लागल्या. एवढ्या बोलक्या बाई, पण तिच्यासमोर ओठ मिटून भाजी निवडत बसायच्या.

चार-पाच दिवसांनी रेवा मंदारच्या मांडीवर येऊन बसली. तिने जर्मनमध्ये विचारलं, "आजी माझ्यावर रागावलीय का? तिचे ओठ हलत नाहीत." ती काय म्हणाली म्हणून सासूबाईंनी मंदारकडे बघितलं. मंदारला ते मराठीत सांगताना फार जड गेलं. सासूबाई उठून आत गेल्या. मंदार त्यांच्या मागे गेला आणि मला त्याचा आवाज ऐकू आला, "बोल आई. तुला हवं ते बोल. झालं ते झालं." मराठी बंद केली होती आणि आता पुन्हा सुरू केली, हे आम्ही फ्राऊ लिंडनरना घाबरतच सांगितलं, तर त्या चकित झाल्या. "बंद करा असं तुम्हाला कोणी सांगितलं? तुमचं जर्मन चांगलं आहे, पण बोलण्यातले चढउतार तुमच्या भाषेतच नीट येतात. तिला तेच हवेत." त्यानंतर सासूबाई जे सुटल्या ते व्हिसा संपेपर्यंत. कांद्याचे भाव, साताऱ्याचे शेजारी, देवळातली भांडणं, सगळं त्यांनी त्या दोन चकत्यांना सांगितलं.

रेवा आता तेरा वर्षांची आहे. हँडबॉल खेळते, वर्गात पुढच्या बाकावर बसते, माझ्याशी वाद घालते. शांत खोलीत एकाशी बोलत असेल तर नवख्याला काही कळणारही नाही. गर्दीत मात्र अवघड जातं. दिवाळीत चार मराठी कुटुंबं एका टेबलाभोवती जमतात, सगळे एकदम बोलायला लागतात, आणि थोड्या वेळाने तिचा चेहरा कोरा होतो. मग मी चमचा वाजवते आणि म्हणते, "एकेकाने बोला." लोक हसतात, दोन मिनिटं पाळतात, आणि पुन्हा सुरू होतात. गेल्या दिवाळीत ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मी यंत्र बंद केलंय, तू काळजी करू नको." मी काळजी करते. ती सायकलवरून पडली तर आधी तिचं डोकं चाचपते. फोन उचलला नाही तर लागोपाठ लावत राहते. आतली यंत्रं कायमची नसतात, एखाद्याचं कधीतरी बिघडतं, पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. दर वसंतात तिची मोठी तपासणी असते, आणि पुढच्या आठवड्यात ती आहे. रेवा म्हणते, "आई, चिल." शांत राहा. ती खरंच शांत असते. तिला त्या दिवसांतलं फारसं आठवत नाही. ते सगळं माझ्याकडे राहिलंय.

या दिवसांत मला एक दुपार पुन्हा पुन्हा आठवते. जून लागला होता. सासूबाई खाली अंगणात कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. मी आणि रेवा सराव करत होतो. मी तोंडासमोर पुठ्ठा धरायचा आणि एक शब्द म्हणायचा, तिने समोरच्या चित्रांतलं नेमकं चित्र उचलायचं. मी पाणी म्हटलं, तिने घर उचललं. मी मांजर म्हटलं, तिने पुन्हा घर उचललं. शेवटी ती नुसतीच माझ्याकडे बघत राहिली, माझ्या तोंडावरचा पुठ्ठा कधी खाली येतो म्हणून. मी तिला खेळायला पाठवलं आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. मला तेव्हा तशी सवय लागली होती. मोठ्याने रडायचे. लपवायचं कोणापासून? टबच्या कडेवर बसून मी तोंड वासून रडले.

दारावर थाप पडली. मला वाटलं, तिला लघवीला जायचं असेल. तोंडावर पाणी मारून दार उघडलं. रेवा उभी होती. कानामागची एक चकती तिरकी झाली होती आणि वायर गालावर आली होती. तिने दाराकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे.

"आवाज येतोय," ती म्हणाली. मराठीत. आणि मग, "आई रडते."

तिने दाराखालच्या फटीतून सावली पाहिली असेल, किंवा सहज आली असेल. विश्वास ठेवायची मला भीती वाटत होती. एकदा ठेवला आणि खोटा निघाला तर मी त्यातून उठले नसते. मी तिच्याकडे पाठ केली, तिला माझे ओठ दिसू नयेत म्हणून, आणि फरशीकडे बघत, आवाज न वाढवता विचारलं, "काय करू तुला खायला?"

नळ ठिबकत होता. मी डोळे मिटून घेतले.

"नॉख माल," ती म्हणाली. पुन्हा म्हण.

"काय करू तुला खायला?"

ती विचार करत होती. मागून तिचा श्वास ऐकू येत होता.

"शिरा," ती म्हणाली. "पण बेदाणे नकोत."

मला लगेच वळता आलं नाही. हाताने टॉवेल चाचपत होते, तो सापडेना. तो तिनेच माझ्या हातात दिला, आणि माझे हुंदके थांबेपर्यंत ती दारातच उभी राहून ऐकत राहिली.